दोन्ही खांद्यांवर पदर

हुबळीच्या दाजिबान पेठेत साडी घ्यायला गेलेल्या पन्नाशीच्या बाईला दुकानदार आधी विचारतो, "तुम्हाला दाखवू का मुलीला?" उत्तरावर फळी ठरते. 'मलाच' म्हटलं की फिके रंग, बारीक काठ, अंगभर लहान बुट्टी असा ढीग पुढ्यात येतो. 'मुलीला' म्हटलं की राणी, मोरपंखी, झगमगती जर. इरकल मागितली तर मात्र हा प्रश्न बहुतेक निघतच नाही. इरकलीचा गठ्ठा सासूला आणि सुनेला एकच असतो.

इळकल हे बागलकोट जिल्ह्यातलं विणकरांचं गाव. तिथलं लुगडं तीच इरकल. तिचं अंग सुती, काठ रेशमी आणि पदर लाल. त्या लालावर पांढऱ्या रेशमाची नक्षी. कुठं कंगव्याचे दात, कुठं किल्ल्याचा तट, कुठं जोंधळ्याचं कणीस, कुठं डोंगरांची रांग. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा लावून दोन्हींचे धागे फासात फास घालून जोडतात. विणकर या जोडाला कोंडी म्हणतात. नमुने पिढ्यान्‌पिढ्या मोजकेच राहिले आणि पदर लालच राहिला, नेसणारी विशीतली असो की सत्तरीतली. याच लुगड्यावर धारवाडकडच्या बायका कसुतीचा कशिदा काढत आल्या. कापडावर आधी छाप मारायचा नाही, दोऱ्याला गाठ द्यायची नाही, ताण्याबाण्याचे धागे मोजत सुई चालवायची आणि त्यातून गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन उभं करायचं. चाळिशीनंतर या कामाला चष्मा लागतो, पण हात तोवर पुरता बसलेला असतो. जोडीला गुळेदगुड्डचा खण. ओटीत पडतो तोच, आणि झंपर शिवायला तोच.

या मुलखात बाईचं वय कापडाच्या जातीवरून कळत नाही, ते नेसण्यावरून कळतं. पदर कसा घेतला, बाही कुठवर आली, केसांचा अंबाडा की वेणी. पडद्यावर याच्या उलट घडलं. सिनेमानं दुकानदाराचा प्रश्न पहिल्यापासून विचारला आणि त्याला दोनच फळ्या ठेवल्या, एक नायिकेची आणि एक आईची. चाळीस ते साठ या वयाच्या बाईला स्वतःचं कपाट कितीतरी वर्षं मिळालंच नाही. तिचं वय दाखवण्याऐवजी कापडानं ते झाकून टाकलं, आणि हे झाकण्याचं काम इतकं सफाईनं झालं की आपण प्रेक्षकांनी ते नैसर्गिक मानलं.

हुबळीहून पुण्याकडे निघालं की वाटेवरच्या मुलखात, चिकोडीच्या बाजूला, खडकलाट लागतं. १९२८च्या जुलैमध्ये या गावात जन्मलेली एक मुलगी पुढे कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडली आणि सुलोचना म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली. 'मीठभाकर', 'वहिनींच्या बांगड्या' या चित्रपटांनी ती मराठी घराघरांत पोचली. मग १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. त्यात सुलोचनाबाई चारू झाल्या, नूतनला वाढवणारी आणि शशिकलाला जन्म देणारी आई. तेव्हा सुलोचनाबाईंचं वय ३०-३१, नूतनचं २२-२३ आणि सोलापूरच्या शशिकलाचं २६-२७. आई आणि पोटची मुलगी यांच्यात जेमतेम चार वर्षांचं अंतर. आणखी अकरा वर्षांनी 'जॉनी मेरा नाम'मध्ये त्या देव आनंदच्या आई झाल्या. देव आनंदचा जन्म १९२३चा. इथं तर मुलगाच आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा होता आणि कुणालाही ते खटकलं नाही.

हा एकटीचा योगायोग असता तर सोडून देता आला असता. १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चनच्या आईचं काम रोहिणी हट्टंगडी यांनी केलं, आणि त्या त्यांच्याहून निदान आठ-नऊ वर्षांनी लहान आहेत. १९९९च्या 'वास्तव'मध्ये रीमा लागू संजय दत्तची आई झाल्या, दोघांच्या जन्मतारखांत अंतर तेरा महिन्यांचं. २००५च्या 'वक्त'मध्ये अक्षय कुमारची आई झालेल्या शेफाली शाह त्याच्याहून लहान. कन्नड पडद्यावर १९५४च्या 'बेडर कण्णप्प'मध्ये राजकुमारची नायिका होती पंडरीबाई. पुढे तीच पंडरीबाई त्याच राजकुमारच्या आईच्या भूमिकेत दिसू लागली. हॉलिवूडही यातून सुटलेलं नाही. सॅली फील्ड १९८८च्या 'पंचलाइन'मध्ये टॉम हँक्सच्या मनात भरलेली बाई होती आणि १९९४च्या 'फॉरेस्ट गंप'मध्ये त्याची आई. पुरुष तिथंच उभा राहिला, बाईला मात्र सहा वर्षांत एक अख्खी पिढी ओलांडायला लावली.

आणि धारवाडला १९५०मध्ये जन्मलेल्या लीना चंदावरकर? 'मन का मीत', 'हमजोली', 'मेहबूब की मेहंदी' अशी त्यांची कारकीर्द सुरू झाली, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, पस्तिशीच्या आसपास, त्या चित्रपटांतून बाहेर पडल्या. त्याला त्यांच्या आयुष्यातली स्वतःची कारणं होती. पण एवढं खरं की धारवाडची ही नायिका पंचेचाळिसाव्या वर्षी काय नेसते, कशी चालते, आरशात स्वतःकडे कशी बघते हे कुठल्याही कथेनं आपल्याला दाखवलं नाही. आई होणं किंवा निघून जाणं, त्या काळच्या नायिकेपुढे या दोनच वाटा होत्या.

याच मुलखाच्या रंगभूमीवर काही दशकं आधी काय चाललं होतं ते आठवलं की हे जास्त टोचतं. मराठी संगीत नाटकाला हुबळी-धारवाडचा प्रेक्षक मन लावून येत असे. १८८८ साली जन्मलेले बालगंधर्व पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोचले तरी स्त्रीभूमिका करत होते. त्यांचे शालू, त्यांची नथ, त्यांच्या अंबाड्यातली फुलं पाहून घरंदाज बायका तसं नेसायला, तसं माळायला शिकल्या. प्रौढ, अंगानं भरलेल्या पुरुषाला तरुण नायिका मानायची तयारी ज्या प्रेक्षकांकडे होती, त्यांच्याच पुढच्या पिढीनं तिशी ओलांडलेल्या खऱ्या बाईला नायिका मानायचं नाकारलं. म्हणजे अडचण डोळ्यांची नव्हती. कुणाच्या अंगावर शालू शोभतो हे पोशाख ठरवणाऱ्यांनी आणि पैसा लावणाऱ्यांनी ठरवलं होतं, आणि प्रेक्षकांनी ते मान्य केलं होतं.

एकतिशीच्या बाईला पंचावन्नची करायचं तर ते करतात कसं? पहिलं उत्तर मेकअप असं येतं. कानशिलावर पांढरे केस, डोळ्यांखाली सावली, नाकावर चष्मा. पण चेहरा जवळच्या दृश्यातच दिसतो. दुरून दिसते ती आकृती, आणि आकृतीचं वय कापड ठरवतं. एका खांद्यावरून मागे सोडलेला पदर खांदा, मान, कंबर यांच्या रेषा मोकळ्या ठेवतो. तोच पदर पाठीमागून फिरवून उजव्या खांद्यावर ओढून घेतला की त्या रेषा पुसल्या जातात. बाही कोपरापर्यंत आली की दंड गेला. गळा वर चढला की मान आखूड झाली. निऱ्या सैल पडल्या की चाल मंदावली. काठ बारीक, रंग फिका, कापड मऊ आणि चुरगळलेलं. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सगळ्या एकत्र आल्या की पडद्यावर माणूस उरत नाही, आईपण तेवढं उरतं. कृष्णधवल काळात पांढरं कापड दिव्यांखाली फार चकाकायचं, चेहऱ्याच्या छटा त्यात बुडायच्या, म्हणून जगभरचे पोशाखवाले शुभ्र कपडे चहाच्या पाण्यात किंवा फिक्या रंगात बुडवून थोडे मळकट करत. म्हणजे जो पांढरा आपल्याला पवित्र वाटला, तो मुळात पांढरासुद्धा नसे.

त्या पांढऱ्यावर थांबायला हवं, कारण त्यानं आपल्या मुलखाचं सगळ्यात मोठं नुकसान केलं असं माझं मत आहे. हिंदी पडद्यावरची विधवा आई पांढरी साडी नेसते हे आज आपण गृहीत धरतो. पण महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर पांढरं नसे, लालसर आलवण असे. कानडी ब्राह्मण घरांतही ते लाल लुगडंच. ती चाल क्रूर होती यात शंका नाही. इतर अनेक समाजांत कुंकू आणि बांगड्या जात, लुगडं मात्र रोजचंच रंगीत राही, कारण शेतात आणि बाजारात जाणाऱ्या बाईला वेगळं वस्त्र ठेवणं परवडत नसे. पांढरी साडी ही बंगाल आणि उत्तरेकडची रीत. ती सिनेमाबरोबर सगळीकडे पोचली. त्यानंतर गंमत नव्हे, दुःख असं झालं की ज्या घरांत आलवण संपलं आणि सुटकेचा श्वास टाकला गेला, त्याच घरांत पन्नाशीच्या बायका स्वतःहून फिके, मळखाऊ, जवळपास रंगहीन कपडे घेऊ लागल्या. नवरा हयात असतानासुद्धा. 'आता या वयात एवढा भडक रंग बरा दिसतो का?' हे वाक्य कुठल्याही धर्मशास्त्रातून आलेलं नाही. इरकल नेसणाऱ्या आजीला ते सुचलंही नसतं. ते आपण पडद्यावरून उचललं.

पडद्यावरची प्रत्येक प्रौढ बाई मात्र फिकी नव्हती. तिला दागिने, रेशीम, ठळक रंग मिळत होते, पण बहुतेक वेळा ती वाईट असली तरच. ललिता पवार यांची गोष्ट इथं सांगायला हवी. येवल्याला १९१६ साली जन्मलेली ही नायिका. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांच्या हातची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांग झाला, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. वय वर्षं सव्वीस. बरं व्हायला बराच काळ गेला आणि त्या परतल्या त्या चरित्र भूमिकांत. त्यांनी 'श्री ४२०'मधली केळी विकणारी गंगामाई केली, 'अनाडी'मधली मिसेस डिसा केली, दोन्ही मायाळू. तरी लोकांच्या मनात बसली ती खाष्ट सासू. चापूनचोपून नेसलेलं नऊवारी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, नजर तिरकी. खोचलेला पदर म्हणजे छळ, ही खूण पुढच्या कितीतरी चित्रपटांनी वापरली.

चांगली बाई साधी आणि नटलेली बाई संशयास्पद, हा नियम आपल्यापुरता नाही. अमेरिकेत १९६७ साली आलेल्या 'द ग्रॅज्युएट'मध्ये तरुण मुलाला मोहात पाडणारी मिसेस रॉबिन्सन बिबट्याच्या कातडीच्या नक्षीचे कपडे घालते. मनात इच्छा असलेली प्रौढ बाई म्हणजे शिकारी जनावर, हे त्या कापडावर छापूनच टाकलं होतं. अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट तेव्हा ३५-३६ वर्षांच्या होत्या आणि 'मुलगा' झालेला डस्टिन हॉफमन तिशीला टेकलेला. आपल्याकडे 'आई कुठे काय करते' या मालिकेची सुरुवात आठवा. घरासाठी राबणारी अरुंधती साध्या साड्यांत, आणि तिच्या नवऱ्याच्या आयुष्यातली संजना ऑफिसच्या आधुनिक कपड्यांत. पहिल्या आठवड्यात कुणी संवादाचा आवाज बंद करून पाहिलं असतं तरी कुणाची बाजू घ्यायची ते कळलं असतं.

या नियमातून पूर्वी सुटल्या त्या राण्या. १९६०च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई झालेल्या दुर्गा खोटे पंचावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांचं वय, त्यांचे जड पोशाख, त्यांचा दरारा यांत कुठंही विसंगती नव्हती. १९६४च्या 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये सुलोचनाबाई जिजाबाई झाल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावरून आलेला पदर लाचारीचा नव्हता. ऐतिहासिक चित्रपटांनी प्रौढ बाईला रंग आणि सोनं दिलं, कारण तिच्या हातात राज्य होतं. साध्या घरातल्या बाईला तेच द्यायला पुढे चाळीस-पन्नास वर्षं लागली.

दोन्ही खांद्यांवरचा पदर स्वतः काही दुबळा नाही, हे हुबळीकरांना सांगावं लागत नाही. गंगूबाई हनगल यांना त्यांनी मंचावर आणि पुढे दूरदर्शनवर पाहिलं आहे. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला, नाकात चमकी, आणि मग तो खर्जातला, पुरुषी म्हणावा असा भरदार आवाज. १९१३ साली जन्मलेल्या या गायिकेनं आपलं वय कधी लपवलं नाही आणि कुणी ते त्यांच्याकडून हिरावूनही घेतलं नाही. तोच पदर, तीच ठेवण, फक्त आत बसलेली बाई स्वतःच्या कामात पूर्ण बुडालेली. पडद्यावरच्या आईला हे काम कधी मिळालं नव्हतं. ती वाट बघायची, देवापुढे निरांजन लावायची, दारात उभी राहायची. अशा बाईच्या कपड्यांत व्यक्तिमत्त्व यायचं तरी कुठून?

कापडातून वय खरेपणानं कसं सांगता येतं हे शिकवणारी बाई आपल्याच शेजारची, कोल्हापूरची. १९२९ साली तिथं जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये म्हणजे भानू अथैया. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या १९८२च्या 'गांधी'साठी त्यांनी आणि जॉन मोलो यांनी वेशभूषा केली आणि १९८३ मध्ये दोघांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटातल्या कस्तुरबा म्हणजे रोहिणी हट्टंगडी. तिशीच्या बाईला तरुण पत्नीपासून ७४व्या वर्षी मरण पावलेल्या वृद्धेपर्यंतचा प्रवास करायचा होता, म्हणजे सुलोचनाबाईंवर जे काम पडलं होतं तेच, पण इथं मधली वर्षं गाळलेली नाहीत. कस्तुरबांनी दक्षिण आफ्रिकेत पारशी पद्धतीनं साडी नेसली, पायात मोजे-बूट घातले, तेही नवऱ्याच्या आग्रहानं, हे गांधींनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. नंतर भारतात आल्यावर खादी आली. कस्तुरबांचं कापड जाडंभरडं आणि पांढरं होत गेलं ते म्हातारपणामुळे नाही. चळवळ बदलली, घर बदललं, हातात सूत आलं म्हणून ते बदललं. तिच्या साडीला कारण होतं. पोशाखाला कारण असलं की वय आपोआप दिसतं आणि बाईही शाबूत राहते. रोहिणीताईंना त्या कामासाठी ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक मिळालं. आणि आठ वर्षांनी त्याच रोहिणीताई 'अग्निपथ'मध्ये स्वतःपेक्षा मोठ्या नटाची आई झाल्या.

मराठी आडनावाच्या प्रौढ बाईला हिंदी पडद्यानं खरं कपाट दिलं ते २०१२ मध्ये. गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश'मधली शशी गोडबोले. पुण्याची, लाडू करून विकणारी, इंग्रजी न येणारी. श्रीदेवी तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या आणि शशीच्या साड्या सब्यसाची मुखर्जी यांनी ठरवल्या होत्या. न्यूयॉर्कच्या थंडीत ती साडीवर लांब कोट चढवते आणि रस्त्यानं चालत सुटते. परदेशी चित्रपटांत या जागी एक ठरलेलं दृश्य येतं. नायिकेला दुकानात नेतात, जुने कपडे उतरवतात, केस कापतात, आणि ती 'सुंदर' होऊन बाहेर येते. इथं तसं झालं नाही. साडी तीच राहिली, बाई तीच राहिली, फक्त खांदे मागे गेले. हे दिग्दर्शिकेला सुचलं याचं मला फार मोल वाटतं, कारण कोटाचा उपयोग बदलासाठी नव्हता, थंडीसाठी होता. चाळिशी-पन्नाशीची बाई कपडे असेच निवडते, गरजेनं आणि हौसेनं, दोन्ही एकत्र.

पण रोजच्या घरातला पडदा म्हणजे टीव्ही, आणि हुबळी-धारवाडच्या मराठी घरात संध्याकाळी रिमोट दोन भाषांत फिरतो. मालिकेचं यंत्र सिनेमाहून वेगळं आहे. आठवड्यातले पाच-सहा दिवस भाग, वर्षानुवर्षं. त्याच बाईला शेकडो वेळा नवं काही नेसवायचं. दुकानं साड्या देतात, शेवटी नावं धावत जातात, आणि थोड्याच दिवसांत तशीच साडी पेठेत मागितली जाते. आवाज घेणारा काचेच्या बांगड्यांवर वैतागतो, कारण छातीशी लपवलेल्या माइकला संवादाआधी त्यांची किणकिण ऐकू येते. कडक रेशमाची सळसळही त्याला नको असते. अशा कितीतरी बिनभावनिक कारणांनी टीव्हीवरच्या आईचं कपाट घडतं. 'पुढचं पाऊल'मध्ये हर्षदा खानविलकर यांच्या अक्कासाहेबांनी भरजरी साड्या आणि ठसठशीत कुंकू यांना सासूच्या अंगावर मान मिळवून दिला. २०१९च्या 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये निवेदिता सराफ यांच्या आसावरीनं दुसरं लग्न केलं, आणि पन्नाशीच्या बाईला नवरी म्हणून नटवायचं कसं हा प्रश्न मराठी मालिकेच्या वेशभूषाकारापुढे खराखुरा उभा राहिला. तिला खुलवायचं, पण विशीतली करायचं नाही. याला तयार नमुना नव्हता.

कन्नड वाहिनीवर 'पुट्टक्कन मक्कळु' लावली की उमाश्री दिसायच्या. 'गुलाबी टॉकीज'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली ही नटी इथं खानावळ चालवून तीन मुली वाढवणारी बाई आहे. खानावळीतल्या बाईचा पदर खोचलेलाच असतो. तिथं वाफ असते, कढई असते, पानं वाढायची घाई असते. ललिता पवारांच्या काळात ज्या खोचलेल्या पदराला आपण छळाची खूण मानलं, तो मुळात कामाचा पदर होता, हे पुट्टक्काकडे बघताना लख्ख कळतं. पडद्यानं बाईचं काम गाळलं आणि तिचा पदर ठेवला, म्हणून त्याला वाईट अर्थ चिकटला.

मग ३० जून २०२३ला 'बाईपण भारी देवा' आला. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणी, सगळ्या वयानं मोठ्या, आणि त्यांच्यात कुणा तरुण नायिकेची भर नाही. नऊवारी, नथ आणि डोळ्यांवर काळा गॉगल हा बाज इतका उचलला गेला की महिनाभर चित्रपटगृहांत बायकांचे जथेच्या जथे तसे नटून येत होते. भिशीचे गट, सोसायटीतल्या मैत्रिणी, सासवा-सुना, पडद्यापेक्षा खुर्च्यांत जास्त काठपदर. रोहिणीताईंना त्या सहा जणींत पाहणं मला विशेष वाटलं. ज्या बाईला तिशीत म्हातारी केलं, चाळिशीच्या आत महानायकाची आई केलं, तिला सत्तरी ओलांडल्यावर पडद्यावर खेळायला, रुसायला, नटायला मिळालं.

त्याच सुमारास खणाला आणि इरकलीला शहरी फॅशनमध्ये नवं बाळसं आलं. खणाची अख्खी साडी, खणाची पर्स, खणाचा कुर्ता. हे चांगलंच आहे, गुळेदगुड्डच्या मागांना त्यातून काम मिळत असेल तर अधिक चांगलं. खटकतं एवढंच, की हे कापड जाहिरातीत बहुतेक विशी-पंचविशीच्या मुलींच्या अंगावर दिसतं, आणि सिनेमात खेड्यातल्या म्हाताऱ्या आजीच्या. मधली बाई, जिच्या आईनं आणि आजीनं ते सांभाळलं आणि जी आजही पेठेत जाऊन ते पैसे मोजून घेते, ती दोन्हीकडे गैरहजर.

सणाचा पोशाख पडद्याला जमला, आता रोजचा राहिला आहे. भारतात बाईची पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला थांबते. त्याच्या आधीची आणि नंतरची काही वर्षं अचानक अंग तापतं, मानेला घाम फुटतो, पॉलिस्टरचं अस्तर अंगाला चिकटतं आणि नको होतं. कंबर बदलते, दंड भरतो, गुडघे कुरकुरतात म्हणून उंच टाचा सुटतात. बायका त्यावर उपाय काढतात. सिंथेटिक साड्या बाजूला पडतात, सुती बाहेर येतात. अस्तर काढून झंपर शिवून घेतला जातो. जुना झंपर शिंप्याकडे जातो, आणि शिंप्यानं आत माया सोडलेली असली तर दोन्ही बाजूंची शिवण उसवून बोटभर सैल होतो. धारवाडच्या सुभाष रोडपासून कोल्हापूरच्या महाद्वार रोडपर्यंत हजारो कपाटांत असे सैल केलेले झंपर आहेत, बाजूला जुन्या शिवणीची फिकी रेघ असलेले. पडद्यावरच्या बाईला दर प्रसंगाला नवा झंपर मिळतो, तिच्या मापाचा, घामाचा डाग नसलेला. एखाद्या मालिकेत सत्तेचाळिशीची नायिका शिंप्याच्या काउंटरवर उभी राहून "दीड इंच सोडा, भाऊ" म्हणते आणि पुढच्या भागात तोच झंपर घालून ऑफिसला जाते, असा प्रसंग मी अजून पाहिलेला नाही. लिहायला तो अवघड नाही. वेशभूषाकाराला त्यासाठी नवीन काही आणावंही लागणार नाही.